डाव्या पायाची खोबण

त्या सकाळी सॉफ्टबॉलच्या मैदानावर आम्ही अकरा जणी होतो. तीन बॅट, त्यांतल्या एकीला पोचा पडलेला. सात बॉल, त्यांतले दोन शिवण उसवलेले. दोन हेल्मेट. कॅचरचा एक मास्क, तो माझ्या तोंडावर. पोत्यात माती भरून केलेले तीन बेस. आणि होम प्लेटच्या बाजूला, जमिनीत, कांचन वाकोडेच्या डाव्या बुटाच्या मापाचा एक खड्डा. लांबी चोवीस सेंटिमीटर, खोली चार.

मापं मी घेतली होती. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, फिजिक्सला, आणि माझी पट्टी कंपासपेटीपेक्षा किटबॅगेतच जास्त असायची. आमचे कोच बोंडे सर त्या खड्ड्याला खोबण म्हणायचे.

“ठेव पाय,” सर म्हणाले.

कांचननं डावा पाय खोबणीत ठेवला. उखळात दाराचा कुसू बसावा तसा तो बसला.

“आता मागचा पाय. पंजाखाली विंचू हाय. काय करायचं?”

“चिरडायचा.”

“मंग चिरड!”

सरांनी स्वतःच बॉल टाकला. तिच्या उजव्या पायाचा पंजा जागच्या जागी गर्रकन फिरला, कंबर वळली, आणि मग, डोळ्याला जाणवेल इतक्या उशिरानं, हात आले. बॉल मैदान ओलांडून पलीकडच्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यावर धाडकन आदळला. दोन महिन्यांपूर्वी तिचा बॉल जिनिंगच्या भिंतीपर्यंतसुद्धा जात नव्हता.

“माय वं!” फर्स्ट बेसवरून कोणीतरी ओरडलं. “जिनिंगवाला आता भाडं मागते वाट्टे पत्र्याचं!”

कॅचर बॅटिंग करणारीच्या मागे उकिडवी बसते. बाकीच्या सगळ्या बॉलकडे बघतात. माझ्या डोळ्यांसमोर असायची ती तिची कंबर आणि गुडघे. त्यामुळे मला एक गोष्ट लवकर कळली होती, जी बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. बॉल हातांनी मारलाच जात नाही. मागचा पाय जमीन ढकलतो. कंबर आधी वळते, खांदे मागे राहतात, आणि ओली चादर पिळताना पडतो तसा पीळ अंगात पडतो. पुढचा पाय त्याच क्षणी ताठ होऊन उभा राहतो आणि पुढे निघालेलं अंग अडवतो. अडवलेलं अंग मग गोल फिरतं, पीळ सुटतो, आणि हात नुसते त्याच्यामागून फेकले जातात. पुढचा पाय घसरला, तर सगळा जोर घसरण्यातच संपतो.

कांचनचा पाय घसरायचा. कंबर उत्तम, मागचा पाय उत्तम, आणि पुढचा पाय धुळीत एक वीत पुढे. आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळा लागला की खाली भेगा आणि वर बोटभर भुरभुरीत धूळ. शेवटी सरांनी उपाय काढला. संध्याकाळी तिथे दोन बादल्या पाणी ओतलं, माती चोपली, कांचनला बुटासकट चिखलात उभं केलं आणि पाय अलगद उचलायला लावला. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात त्या ठशाची वीट झाली. पाय घसरायचा बंद झाला तो कायमचा.

“सर,” मी मास्क वर करून म्हटलं, “तिचा पंजा प्लेटकडे काटकोनात राहतो. अंग फिरतं तेव्हा तो थोडा बाहेर वळायला पाहिजे. खोबणीत त्याला वळायला जागाच नाही.”

“वळाले मागचा पाय हाय ना, तायडे.”

“पण मग पीळ गुडघ्यात...”

“कॉलेजात न्यूटन,” सर म्हणाले, “अन् इथं बोंडे. मास्क खाली कर.”

सगळ्या हसल्या. कांचनही हसली, आणि मीही. सर वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या स्कूटरच्या डिकीतून बॅट आणायचे, आणि ज्या मुलींच्या घरून कोणी सोडायला तयार नसे त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसायचे, हो म्हणेपर्यंत उठायचे नाहीत. इतक्या वर्षांत त्यांची एकही मुलगी राज्याच्या संघात गेली नव्हती. ही जाईल, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरं होतं.

प्रॅक्टिसनंतर कांचन आणि मी टाकीच्या सावलीत बसायचो. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, एम.ए. करत होती, करत होती म्हणजे खेळता यावं म्हणून नाव घातलेलं होतं.

“राज्यात नाव आलं का खेळाडूच्या जागेतून अर्ज भरता येते,” ती म्हणाली. “मागच्या भरतीत लेखीत तीन मार्कानं राह्यली मी. खेळाडूच्या जागेत त्याच मार्कावर पोट्ट्या लागल्या.”

“पोलीसच व्हायचंय तुला?”

“मले क्वार्टर पाह्यजे.” ती बुटातली माती झाडत होती. “दोन खोल्या असतात व. नळ घरात. आम्ही मामाच्या घरी राह्यतो ना, तर माय चहा ठेवाच्या आंधी मामीले इचारते. अठरा वर्सं झाले, अजून इचारते. मले तिले एक दार द्याचं हाय, जे तिनं आतून लावलं तं कोणी काहून लावलं म्हणून पुसणार नाई.”

“पुढच्या वर्षी पण चाचणी असेलच की.”

“पुढच्या वर्षी मी भरतीच्या वयात बसत नाई, बावळे.”

राज्याच्या संघासाठीची निवड चाचणी रविवारी होती. हे बोलणं मंगळवारचं.

बुधवारी सरांनी पिचर बदलला. आतापर्यंत सर स्वतः सरळ बॉल टाकायचे. त्या दिवशी त्यांनी गावातल्या क्लबच्या एका मुलाला बोलावलं, कारण चाचणीत वेगाचे बॉल येणार होते. त्याचा तिसरा की चौथा बॉल बाहेरच्या बाजूला पडत गेला. कांचनची कंबर आधीच सुटली होती. तिनं तशाच अवस्थेत हात लांब केले आणि बॉल गाठला.

बॉल उंच गेला. सगळ्या मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या. सर “गेला, गेला, गेला” म्हणत बेसच्या रेषेवरून धावत सुटले होते. पत्रा वाजला आणि एकच गलका झाला.

मी बॉल बघितला नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर तिची मांडी फिरली होती आणि नडगी फिरली नव्हती. मधे कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. पत्र्याच्या आवाजाच्या आधी.

ती पडली नाही. पाय खोबणीत होता, पडणार कशी? ती बॅटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली, आणि सगळ्या टाळ्या वाजवत तिच्याकडे येईपर्यंत तशीच उभी होती.

“लचकलं,” ती म्हणाली.

रसवंतीवरून बर्फ आणला. गुडघा तासाभरात नारळाएवढा झाला. सरांनी क्रेप बँडेज गुंडाळलं, तिच्याकडे न बघता. गुंडाळून झालं तरी ते ती गुंडाळी नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तिला सायकलवर मागे बसवून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला झोपवलं, गुडघा दुमडायला लावला, तिच्या पंजावर बसले आणि दोन्ही हातांनी नडगी धरून आपल्याकडे ओढली. टेबलाचा खण यावा तशी नडगी पुढे आली. मग त्यांनी उजव्या पायाला तसंच केलं. ती नडगी हलली नाही.

“आतला दोर तुटलाय,” डॉक्टर म्हणाले. “एमआरआय करून घ्या. सांध्यातल्या गादीलाही लागलं आहे का ते त्यात कळेल. ऑपरेशन लागेल, त्यानंतर नऊ-दहा महिने. तोपर्यंत सरळ चाललात तर चालाल. पण पाय रोवून अंग फिरवायचं नाही. अजिबात नाही. गादी फाटली तर गुडघा अडकायला लागतो.”

“रविवारी माही चाचणी हाय,” कांचन म्हणाली.

“मग दुसऱ्या कोणाचा तरी गुडघा घेऊन जा,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परत येताना चढावर मी उतरून सायकल ढकलायला लागले. ती मागे बसलेलीच होती.

“भरती कधी हाय?” तिनं विचारलं. तारीख तिला पाठ होती.

“पावसाळ्यानंतर म्हणतात.”

“म्हंजे आता ऑपरेशन केलं तं चाचणी गेली, अन् भरतीबी गेली.”

“हो.”

“अन् नाई केलं तं?”

मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलायची मला सवय नव्हती.

“सरळ चालता येते म्हणे,” ती म्हणाली. “पळणं म्हंजे तरी काय. सरळच असते ना व?”

सरांना मीच सांगितलं. डॉक्टर जे बोलले ते शब्दशः. सर बराच वेळ स्कूटरच्या सीटवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, “बॅटिंगच्या जागेवर नाव देतो तिचं. नुसती बॅटिंग. संघात तशी एक जागा असते, तिले फिल्डिंग नाई, काई नाई. पळाची चाचणी पण नाई. दहा बॉल. फक्त दहा बॉल, तायडे.”

“सर, डॉक्टर म्हणाले...”

“मी तिले खेळ म्हणून सांगणार नाई,” सर म्हणाले. “अन् नको खेळू म्हणूनबी सांगणार नाई. तू सांग. तुले सांगता येते का, पाह्य.”

मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, चाचणीला तू कॅचर आहेस ना?

शनिवारी दुपारी आम्ही तिघं जिल्ह्याच्या मैदानावर पोहोचलो. संध्याकाळपर्यंत बाकीचे संघ सराव करून उतरायच्या जागी गेले. मैदान रिकामं झालं. कांचन बॅटिंगच्या बॉक्समध्ये जाऊन उभी राहिली आणि तिनं नुसतीच, बॉलशिवाय, बॅट फिरवली. गुडघा बाजूला गेला आणि ती खाली बसली. उठली, पुन्हा फिरवली. पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी तिनं कंबर न फिरवता नुसत्या हातांनी मारून बघितलं. ते कोणालाही मारता आलं असतं.

ती मातीतच बसून राहिली. मग म्हणाली, “सर, खोबण करा.”

सर बॅग आवरायला लागले.

“सर.”

“नको व पोरी,” सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“पाय माझा उभा नाई राह्यत. मातीनं तरी धरला पाह्यजे.”

“थ्याच्यानंच झालं ना ते.”

“झालं थे झालं. आता तुटाले राह्यलं काय त्याच्यात?”

गादी राहिली होती. डॉक्टरांचं ते वाक्य आम्हा तिघांनाही माहीत होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कांचनकडे बघत होते. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि डाव्या पायाची नाडी बांधत होती, हातांच्या अंदाजानं.

सरांनी खिळ्यांच्या बुटांनी माती उकरली. मी नळावरून पाणी आणलं. कांचन बुटासकट उभी राहिली. सरांनी तिच्या पायाभोवती माती हातांनी दाबली, घोट्यापर्यंत, गुडघे टेकून. कुंडीत रोप लावतात तशी. मग ती माझ्या खांद्यावर भार देऊन पाय उचलून बाहेर आली.

“पंजा जरा बाहेर वळवून केलाय,” सर मला म्हणाले. “तू म्हणत होती तसा.”

रविवारी तिचा नंबर सतरावा होता. तोवर बाकीच्यांच्या पायांनी खोबण धुळीनं भरली होती. कांचन लंगडत न येता आली. कशी आली ते तिलाच माहीत. वाकून तिनं हातानं धूळ उपसली.

“काय वो बाई, पेरणी करता का?” खुर्चीवरचे एक निवडकर्ते म्हणाले. बाजूचे हसले.

“हो सर,” कांचन म्हणाली, आणि पाय आत घातला.

पहिला बॉल तिनं सोडला. दुसरा हातांनी मारला, तो पिचरपर्यंत घरंगळत गेला. निवडकर्त्यांपैकी एकानं घड्याळात बघितलं.

“कांचन,” मी मास्कच्या आतून म्हटलं, “बस. झालं. हातानंच मार आणि चल.”

“गप व.”

तिसऱ्या बॉलला तिनं विंचू चिरडला. कंबर सुटली, डावा पाय ताठ झाला, मातीनं तो धरला, आणि बॉल दोरीपलीकडे गेला. आवाज मी ऐकला. या वेळचा पऱ्हाटीचा नव्हता. ओलं कापड फाडल्यासारखा, बारीक. तिच्या हेल्मेटखालून घाम टपटप प्लेटवर पडत होता. चौथा बॉल. पाचवा. सहाव्याला पुन्हा तोच आवाज. खुर्चीवरचे लोक पुढे सरकून बसले होते. “ही कोणाची पोरगी?” असं कोणीतरी विचारलं आणि सरांनी हात वर केला, पूर्ण नाही, खांद्यापर्यंत.

दहा बॉलांतले सात मैदानात लांबवर गेले, त्यांतले तीन दोरीपलीकडे. त्या दिवशी इतकं कोणीच मारलं नाही.

“पुढची!” आवाज आला.

कांचन हलली नाही. मी मास्क काढून तिच्या पायाशी बसले. गुडघा अर्धवट दुमडलेला होता आणि तो सरळही होत नव्हता, आणखी वाकतही नव्हता. मी तिच्या बुटाची नाडी सोडली आणि दोन्ही हातांनी टाच धरून पाय वर उचलला. पाय आला. बूट खोबणीतच राहिला.

“मारले ना व मी?” ती म्हणाली.

“मारलेस.”

“किती?”

“सात.”

निवड झाली. राज्याच्या संघातून ती तीन सामने खेळली. फक्त बॅटिंग, बेसवर तिच्या जागी दुसरी मुलगी पळायची. प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी सरांनी सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले आणि स्वतः खाल्ले नाहीत. अर्ज भरला गेला. गुडघ्याचं तिनं शिकून घेतलं होतं: अडकला की पाय बाजूला नेऊन एक झटका द्यायचा, मग तो सुटायचा. रोज पहाटे ती कालव्याच्या सरळ रस्त्यावर पळायची. सरळ रस्त्यावर काही होत नव्हतं. ती दोनदा माझ्या घरी मुद्दाम सांगायला आली होती, काही होत नाही म्हणून.

भरतीच्या दिवशी तिची माय आणि मी तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या होतो. सर रस्त्याच्या पलीकडे स्कूटरवर बसून होते, इकडे आले नाहीत. आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. एका वेळी वीस मुली. चार मिनिटांच्या पुढे शून्य गुण, हे सकाळीच भोंग्यावरून दोनदा सांगितलं होतं.

“आपली कोणती व?” मायनं विचारलं. तिला दूरचं नीट दिसत नसे.

“ती बघा, निळी पँट. पाचवी आहे.”

“पाचवी म्हंजे चांगलं ना?”

“चांगलं.”

पहिली फेरी तिनं पाचव्या नंबरवरच पूर्ण केली. माझ्या मोबाईलवर एक मिनिट एकेचाळीस. वळणांवर ती आतली बाजू सोडून लांबून, मोठा गोल घेऊन पळत होती. तेवढं अंतर जास्त जात होतं, पण पाय कमी वळत होता. तिनं त्याचाही विचार केलेला होता.

दुसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर मागची एक मुलगी तिला बाहेरून ओलांडायला आली. कांचनला आत सरकावं लागलं. डावा पाय रोवला गेला आणि ती आत वळली.

“कुठं हाय आता?” माय म्हणाली.

ती बसली होती. पाय बाजूला नेऊन झटका देत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मुली तिच्या बाजूनं जात होत्या. गुडघा सुटला नाही. मग ती उभी राहिली, दोन्ही हातांनी डावी मांडी धरली, आणि ती पुढे ठेवत चालायला लागली.

“दिसत नाई मले,” माय म्हणाली. “सांग ना व. कितवी हाय?”

“येतेय,” मी म्हटलं.

बाकीच्या एकोणीस जणींतली शेवटची तीन मिनिटं बावन्न सेकंदांना आत आली. शिपायानं शिट्टी वाजवून पुढची तुकडी उभी केली, आणि मग वळणाकडे बघून ती थांबवून ठेवली. कांचननं रेषा ओलांडली तेव्हा त्यानं हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं आणि शेजारी लिहिणाऱ्या बाईला मोठ्यानं सांगितलं, कुंपणापर्यंत ऐकू येईल असं.

“एकशे त्र्याहत्तर. वाकोडे. सहा मिनिटं, अकरा सेकंद.”